काढला म्हणजे काय केलं?

वेधशाळेत तिला काटाबाई म्हणत. एक तर ती काट्यासारखी सडपातळ, दुसरं म्हणजे तिचं कामच वजनकाट्याचं, आणि तिसरं कारण जे कधी तिच्याशी वाद घालायला गेले होते त्यांना विचारावं. तिच्या नवऱ्याला पट्टीराव म्हणत. तो डोंगराची उंची मोजायचा, पण स्वतः इतका बुटका होता की आकडे रंगवलेली ती उंच लाकडी पट्टी खांद्यावर टाकून तो उतारावरून निघाला, की लांबून नुसती पट्टीच चाललेली दिसे.

डोंगर म्हणजे झोपलेला ज्वालामुखी. त्याच्या अंगाखांद्यावर ठिकठिकाणी खडकात पितळेचे खिळे ठोकलेले होते. पट्टीराव दर हंगामात प्रत्येक खिळा किती वर आला, किती खाली गेला ते बघायचा. काटाबाई त्याच खिळ्यांवर आपली पेटी ठेवायची. पेटीत एक नाजूक स्प्रिंग आणि तिला टांगलेलं इवलंसं वजन. त्या जागी पृथ्वी त्या वजनाला किती ओढते, ते पेटी सांगायची. पेटीचे लाड असे होत की सासूबाई म्हणायच्या, "नातवंडं झाली असती तर त्यांनाही हिनं इतकं जपलं नसतं."

आता एका डोंगराला दोन माणसं कशाला, असं कुणालाही वाटेल. नगराध्यक्षांना तर दर वर्षी वाटायचं. पण जमीन वर येते ती दोन कारणांनी. एक तर खालून वितळलेला खडक भरत असतो, नाहीतर आतलं पाणी तापून त्याची वाफ कोंडते आणि ती जमिनीला वर ढकलते. वरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. फरक वजनात. खडक जड, वाफ हलकी. शिवाय तिसरी भानगड अशी की खिळा वर आला म्हणजे पृथ्वीच्या पोटापासून लांब गेला, म्हणून तिथली ओढ तशीही जराशी कमी होते. उंचीमुळे पडलेली ही तूट आधी भरून काढायची आणि मग काही जास्तीचं उरतं का ते बघायचं. उरलं, तर खाली माल येतोय. नाही उरलं, तर नुसती वाफ. म्हणजे उंची त्याच्याकडे, ओढ तिच्याकडे, आणि एकाचा आकडा दुसऱ्यावाचून कुचकामी.

म्हणून त्यांची एक रीत होती. हंगाम संपला की वेधशाळेतल्या लांब बाकावर दोघं शेजारी बसायची. एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं त्यावर बोट ठेवून "बरोबर" म्हणायचं. या वाचनात काटाबाईनं पट्टीरावाच्या आजवर कितीतरी चुका पकडल्या होत्या, आणि त्यातल्या दोन तर अशा होत्या की त्याची नोकरी गेली असती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. त्यालाही ते माहीत होतं, पण तोही कधी बोलला नाही.

आणि मग तिच्या थोरल्या भावाकडचं ते जेवण झालं.

भावाच्या घरी त्याचे व्याही आले होते. व्याही बोलके. त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही दोघं त्या डोंगरावर दिवसभर करता तरी काय?"

पट्टीरावानं घास गिळला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "सोपं आहे. मी डोंगराची उंची काढतो, आणि ही माझी उणी काढते."

टेबल दणाणलं. व्याह्यांनी मांडीवर थाप मारली, वहिनीला ठसका लागला, आणि थोरला भाऊ, जो स्वतःच्या लग्नातल्या फोटोतही हसलेला नाही, तो डोळे पुसत हसला. काटाबाई तेवढी हसली नाही. तिला वाईट वाटलं. राग नंतर आला. ज्या गोष्टीसाठी त्यानं आपले आभार मानायला हवे होते, तीच त्यानं माहेरच्या माणसांसमोर थट्टेवारी नेली, हे तिच्या मनातून जाईना. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि घरी आल्यावर तर नाहीच नाही.

अबोला सुरू झाला.

अबोल्याला एक तिसरं माणूस लागतं, नाहीतर संसार चालत नाही. ते माणूस म्हणजे सासूबाई. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. उभा जन्म पोरांना "काढा, काढा, नीट काढा" सांगण्यात गेला. त्यांना आता घरात बसून कंटाळा आला होता, त्यामुळे निरोप्याचं हे काम त्यांनी मोठ्या हौसेनं अंगावर घेतलं.

"आई, त्यांना सांगा, दूध संपलंय," काटाबाई म्हणायची. एरवी ती नवऱ्याला अरे-तुरे करायची. अबोल्यात तो एकदम 'त्यांना' झाला होता, आणि तो काही मान नव्हता.

"बाळू, ती म्हणते दूध संपलंय," सासूबाई सांगायच्या. पट्टीराव दोन हातांच्या अंतरावरच उभा असायचा.

"आई, तिला सांग, आणतो."

"आणतो म्हणतोय गं. तोंड मात्र पाडलंय, तेही सांगते."

असे दिवस काढता काढता पंधरवडा होत आला. पट्टीरावाला आपली चूक कळली होती. पण माफी मागायला तोंड उघडावं लागतं, आणि अबोल्यात जो आधी बोलेल तो हरला, हा नियम त्यालाही ठाऊक होता. म्हणून त्यानं न बोलता काहीतरी करायचं ठरवलं. हंगामाचे आकडे आले होते. उंचीमुळे आलेली तूट एकेका खिळ्याला बाजूला करायची, हे किचकट काम काटाबाईच्या वाट्याचं, आणि ती ते करताना दर वेळी कपाळाला हात लावायची. ती पेटी साफ करायला गेली असताना पट्टीराव संगणकापाशी बसला आणि त्यानं ते अख्खं काम स्वतः उरकून टाकलं. शेजारच्या रकान्यात उंचीचे आकडेही व्यवस्थित मांडून ठेवले. मग घरी चहा घेताना, ती ओट्यापाशी पाठमोरी उभी असताना, तो आईला म्हणाला, "आई, तिला सांग, उंचीचा परिणाम मी काढलाय."

"सूनबाई, उंचीचा परिणाम यानं काढलाय," सासूबाईंनी एक अक्षर इकडचं तिकडे न करता पोचवलं.

काटाबाईनं मान हलवली. मनात म्हणाली, म्हणजे आकडेमोड करून ठेवली तर. कशाला? मला येत नाही? दुसऱ्या दिवशी तिनं तक्ता उघडला. उंचीचा रकाना भरलेला दिसला. खरंच काढलाय, ती म्हणाली, आणि तो परिणाम तिनं आपल्या आकड्यांतून रीतसर बाजूला केला. एरवी ती "हे बघ रे" म्हणून त्याला बाकावर बोलवायची. या वेळी बाकावर ती एकटीच होती. वाचायला कुणी नव्हतं आणि "बरोबर" म्हणायलाही कुणी नव्हतं.

शेवटचा आकडा आला आणि ती तक्त्यावर पुढे वाकली. डोंगराच्या मधल्या सगळ्या खिळ्यांवर ओढ वाढली होती. थोडीथोडकी नाही. खाली काहीतरी जड, भरपूर, वर येत होतं. तिनं पुन्हा हिशेब केला. पुन्हा तेच. हिशेबात चूक नव्हतीच, ती बिचारी निघणार कुठून? चूक चहाच्या कपापाशी बसली होती.

तिनं मोठ्या साहेबांना सांगितलं. मोठे साहेब म्हणजे वेधशाळेचे प्रमुख. सही सुंदर करायचे. ते घाबरले आणि त्यांनी नगराध्यक्षांना सांगितलं. नगराध्यक्ष त्याहून घाबरले. दुसऱ्या दिवशी दुपारी सभा ठरली, आणि पायथ्याच्या गल्लीला निरोप गेला की बांधाबांध करून तयार राहा, उद्या तुम्हाला हलवायचं की नाही ते ठरेल.

पायथ्याची गल्ली डोंगराला अगदी टेकून होती. काटाबाईचं घरही तिथंच. संध्याकाळी ती घरी परतली तेव्हा गल्लीचा नूर पालटला होता. शिंपी आपलं यंत्र पोत्यात गुंडाळत होता. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं दुकानातले आरसे रस्त्यावर मांडून ठेवले होते आणि येणारा-जाणारा त्यात डोकावून भांग नीट करत होता. एकटा बेकरीवाला हाताची घडी घालून दारात उभा होता. त्याच्यामागे भट्टी धगधगत होती.

"बाई, मी हलणार नाही," तो म्हणाला. "ही भट्टी माझ्या बापानं पेटवली. तो गेला त्या दिवशीसुद्धा मी ती विझू दिली नाही. तुमच्या त्या पेटीच्या सांगण्यावरून विझवू?"

"पेटी खोटं बोलत नाही," काटाबाई म्हणाली. तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

बेकरीवाल्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिला घरी जाईस्तोवर चैन पडलं नाही. हा माणूस माझ्या शब्दावर उठायला हवा, तिला वाटलं. माझा शब्द याला हलवू शकला नाही, तर मी इतकी वर्षं त्या डोंगरावर पेटी घेऊन काय करत होते?

घरात निराळाच तमाशा चालला होता. सासूबाई मधोमध बसून गाठोडी बांधत होत्या आणि पट्टीराव स्टुलावर चढून माळ्यावरचं सामान खाली घेत होता. स्टुलावर चढूनही त्याचा हात पुरत नव्हता. काटाबाई न बोलता भांडी कागदात गुंडाळायला बसली.

"बाळू," सासूबाई म्हणाल्या, "ते राहू दे. आधी यांचा फोटो काढ."

भिंतीवर सासऱ्यांचा मोठा फोटो होता. सासरे पोस्टमास्तर, फोटोतही पत्ता अपुरा असल्यासारखे रोखून बघायचे. पट्टीराव स्टुलावरून उतरला. त्यानं खिशातून फोन काढला, दोन पावलं मागे सरला, मान वाकडी केली, एक डोळा मिटला आणि खटकन बटण दाबलं.

"काढला," तो म्हणाला.

सासूबाई गाठ मारता मारता थांबल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग मुलाकडे. मग पुन्हा भिंतीकडे.

"काढला म्हणतोस, आणि हे तर अजून इथंच आहेत!"

"मग? काढला ना. हा बघ."

"अरे मेल्या, भिंतीवरून काढ म्हणते मी! बांधून न्यायचाय ना!"

पट्टीराव खजील होऊन हसला. सासूबाई हसल्या. काटाबाईलाही हसू फुटणार होतं, ते ओठांपर्यंत आलंही, आणि तिथंच थिजलं. तिच्या हातातली वाटी तशीच राहिली.

फोटो काढला, आणि तो भिंतीवरच.

मग परिणाम काढला, तो कुठे होता? भिंतीवर, की भिंतीवरून खाली?

 बाहेर गल्लीत कुणीतरी ओरडत होतं, "अरे, पंखा काढला का?" दुसरा म्हणत होता, "माझ्या भावाची आठवण काढू नकोस आत्ता!" शिंप्याची बायको कुणाची तरी अक्कल काढत होती. साऱ्या गल्लीच्या तोंडी एकच शब्द होता, आणि तो शब्द काटाबाईच्या डोक्यात घण घालत होता. काढणं म्हणजे हुडकून मांडणं. काढणं म्हणजे उचलून टाकणं. त्यानं नक्की काय केलं होतं? नुसतं मांडलं असेल तर तिचा हिशेब बरोबर, आणि गल्लीनं आत्ताच्या आत्ता निघायला हवं. पण त्यानं टाकलं असेल, तर तीच तूट तिनं दुसऱ्यांदा भरून काढली होती, आणि खाली येत असलेला तो सगळा जड माल तिनं स्वतः बसल्या जागी तयार केला होता.

"आई," ती म्हणाली.  "त्यांना विचारा, उंचीचा परिणाम काढला म्हणजे नक्की काय केलं?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी सावकाश सुतळीचं टोक उचललं, दातांत धरलं, आणि दोन्ही हातांनी गाठोडं आवळायला घेतलं.

"आई!"

"म्म्म," सासूबाई सुतळीआडून म्हणाल्या आणि भुवयांनीच सुचवलं, की मला आता बोलता येत नाही, तुझं तूच विचार. खरं म्हणजे ते गाठोडं केव्हाच बांधून झालं होतं.

पंधरवडाभर जपलेला अबोला एका बाजूला आणि गल्ली एका बाजूला. काटाबाईनं वाटी खाली ठेवली.

"अरे," ती म्हणाली, "उंचीचा परिणाम काढलास, म्हणजे काय केलंस?"

पट्टीराव इतका दचकला की सवयीनं आईकडे वळला. "आई, तिला सांग..." आणि मग त्याच्या लक्षात आलं. "माझ्याशी बोललीस?"

"तुझ्याशीच. लवकर सांग."

"काढला म्हणजे काढून टाकला. सगळ्या खिळ्यांचा. म्हटलं तुझं काम तरी वाचेल." त्याचा चेहरा उजळला होता. "बरं केलं ना?"

"मी पण काढला," काटाबाई म्हणाली.

"काय?"

"तू काढलेला मी परत काढला."

पट्टीराव मटकन स्टुलावर बसला. मग दोघं एकदमच उठली. चपला पायात सरकवत ती दाराबाहेर पडली, तेव्हा मागून सासूबाईंचा आवाज आला. सुतळी दातांतून केव्हाच सुटली होती. "सावकाश जा रे! आणि वाटेत भांडा हवं तर, पण बोलत राहा!"

वेधशाळेत दिवे लावून दोघं बाकावर शेजारी बसली. पट्टीरावानं वाचायला सुरुवात केली.  काटाबाई बोट ठेवून "बरोबर" म्हणत गेली. एकेक खिळा मोकळा होत गेला. वरच्या वळणावरचा, झऱ्याजवळचा, माथ्याखालचा. शेवटी जास्तीचं काही उरलं नाही. जमीन वर आली होती हे खरं, पण खाली जड असं काहीच आलेलं नव्हतं. कोंडलेली वाफ होती आणि तापलेलं पाणी.

"म्हणजे डोंगर नुसता फुगलाय," पट्टीराव म्हणाला.

"आत काही नाही," काटाबाई म्हणाली. आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

सकाळी मोठ्या साहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी सुटकेचा श्वास सोडला आणि मग दार लावून घेतलं. "चूक हा शब्दच काढायचा नाही," ते म्हणाले. "सांगायचं, रात्रीतून परिस्थिती निवळली. लोक खूश, आपण खूश. तुमच्या पेटीची अब्रूही शाबूत."

 काटाबाईला ते हवंहवंसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आजवर तिनं दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या होत्या. आता भर सभेत स्वतःची दाखवायची, तीही अशी की जिच्यावर पोरंटोरं हसतील. पेटीवरचा लोकांचा विश्वास उडाला तर तो परत यायचा कसा? पण तिला बेकरीवाल्याची ती नजर आठवली, आणि तिनं उलटा विचार करून पाहिला. समजा सांगितलं, खडक आला होता आणि गेला. मग उद्या तो खरंच आला, तर गल्ली काय करेल? मागच्यासारखा जाईल म्हणून घरात बसून राहील. तेव्हा विश्वास असून उपयोग काय?

"नाही साहेब," ती म्हणाली. "आला नव्हता, तर गेला कसा म्हणू?"

सभागृह खच्चून भरलं होतं. पुढच्या रांगेत सासूबाई जागा धरून बसल्या होत्या. मागे भिंतीला टेकून बेकरीवाला. काटाबाई उभी राहिली आणि तिनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. जमीन फुगली आहे, खाली वाफ आहे, तिच्यावर आम्ही लक्ष ठेवू, पण वितळलेला खडक येत नाही. काल मी सांगितलं ते चूक होतं. उंचीमुळे पडलेली तूट एकदाच भरून काढायची असते, आमच्याकडून ती दोनदा भरून काढली गेली. एकदा यांनी काढली, एकदा मी.

"दोघांनी कशी काढली?" न्हाव्यानं विचारलं. "एकमेकांना सांगितलं नाही का?"

काटाबाई म्हणाली, "आम्ही बोलत नव्हतो."

क्षणभर कुणाला काही समजेना. मग बेकरीवाल्याचा आवाज आला, एकेक शब्द तोलून. "म्हणजे तुम्हा नवराबायकोचा अबोला होता, म्हणून आख्ख्या गल्लीनं गाद्या बांधल्या?"

"हो."

 शिंप्यानं फिस्स केलं, आणि ते सबंध सभागृहभर पसरलं. "माझा पंखा उतरवला रे!" कुणी ओरडलं. "माझे आरसे!" "डोंगर फुगलाय आणि आत काही नाही, म्हणता?" सासूबाई पुढच्या रांगेतून खड्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे अगदी या दोघांसारखाच!" नगराध्यक्षांनी हातोडी आपटली, पण तेही हसत होते.

काटाबाई तशीच उभी होती.  लोक तिला हसत होते, आणि आता आयुष्यभर हसणार होते. इतक्यात शेजारी काहीतरी हललं. पट्टीराव खुर्चीवर चढून उभा राहिला होता. नाहीतर तो कुणाला दिसला नसता.

"एक सांगायचंय," तो म्हणाला.  "अबोला माझ्यामुळे होता. मी हिच्या माहेरी चारचौघांत म्हटलं, ही माझी उणी काढते. सगळे हसले. पण खरं असं आहे की ही माझ्या चुका काढते. आजवर हिनं माझ्या दोन चुका अशा काढल्या की त्या तशाच राहिल्या असत्या, तर मी आज इथं दिसलो नसतो. आणि कालची चूकसुद्धा हिनंच काढली. हिला कुणी विचारलं नव्हतं. गप्प बसली असती, तर तुम्हाला कळलंही नसतं."

हसणं हळूहळू ओसरलं. काटाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला जे माहेरच्या टेबलावर हवं होतं, ते तिला गल्लीसमोर मिळालं होतं, आणि तिचे डोळे भरून आले. ती फक्त एवढंच म्हणाली, "खाली उतर, खुर्ची मोडेल."

 बेकरीवाला भिंतीपासून सरकला आणि भट्टीकडे निघून गेला.

गल्लीनं ही गोष्ट जन्मभर पुरवली. काटाबाई पाव घ्यायला गेली की बेकरीवाला विचारायचा, "पैसे काढले का, की मी परत काढू?" न्हावी पट्टीरावाचे केस कापताना विचारायचा, "एकदा काढू की दोनदा?" वेधशाळेत त्या क्रियापदाला बंदी झाली. मोजला म्हणा, वगळला म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण काढला म्हणायचं नाही, अशी पाटीच काटाबाईनं बाकासमोर लावली. ती पाटी सासूबाईंनी रंगवून दिली. कोपऱ्यात एक फुगलेला डोंगरही काढला.

मध्ये काही हंगाम गेले. डोंगर निवला, आणि लोकांना त्याचा विसर पडला.

आणि मग एका हंगामात जमीन फारशी फुगलीच नाही. जेमतेम हलली म्हणावी इतकीच. पण पेटीचा काटा सरकला होता. बाकावर बसून दोघांनी आकडे मोठ्यानं वाचले. मग जागा बदलून वाचले. काटाबाईनं वाचलं, पट्टीरावानं बोट ठेवलं, आणि प्रत्येक "बरोबर" मागच्यापेक्षा हळू होत गेलं. या वेळी ओढ खरंच वाढलेली होती. खाली माल येत होता.

नगराध्यक्षांनी हुकूम काढला. पण हुकमानं घरं रिकामी होत नाहीत, हे काटाबाईला माहीत होतं. दोघं स्वतः गल्लीत उतरली आणि दारोदार फिरली. शिंपी उठला, न्हावी उठला, कुरकुरत का होईना, उठले. शेवटी बेकरी राहिली. बेकरीवाला हाताची घडी घालून दारात तसाच उभा होता, आणि त्याच्यामागे भट्टी तशीच धगधगत होती.

काटाबाई पायरीशी थांबली. "निघायला हवं," ती म्हणाली. "या वेळी खरं आहे."

बेकरीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीरावाकडे.

"दोघं बोलताय ना?"

"बोलतोय," पट्टीराव म्हणाला.

"आणि ते एकदाच केलंत? दोनदा नाही?"

"एकदाच," काटाबाई म्हणाली. "मोठ्यानं वाचून."

 बेकरीवाल्यानं बापाच्या भट्टीकडे एकदा वळून पाहिलं. मग त्यानं कोपऱ्यातलं लांब दांड्याचं फावडं उचललं, भट्टीचं दार उघडलं, आणि निखारे बाहेर काढू लागला.